समुद्र चपला बघायला येतो

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास त्याने एका संकेतस्थळाला दहापैकी दोन गुण दिले, आणि मग त्या संकेतस्थळावरची एक गोष्ट वाचली. खरं म्हणजे क्रम उलटा हवा होता. पण एकवीस वर्षं एकच काम केलं की माणसाचं नाक तयार होतं. झाकण न काढता आत काय शिजतंय ते कळतं. काम सांगायला सोपं होतं. शाळेतल्या मुलांना लोककथा, दंतकथा, पुराणकथा शिकवायच्या, तर इंटरनेटवरच्या कुठल्या जागेवर भरवसा ठेवावा आणि कुठल्या नाही, याची यादी त्यांचं कार्यालय दरवर्षी काढायचं आणि ती यादी तो करायचा. त्यासाठी त्याने स्वतः एक तक्ता बनवला होता: गोष्ट कुणी सांगितली, कुणी लिहून घेतली, कधी, कुठे, कुठल्या भाषेत, मूळ नोंद बघायला मिळते का, आणखी कुणी ती स्वतंत्रपणे ऐकली आहे का. बहुतेक ठिकाणं पहिल्याच प्रश्नाला गारद व्हायची. 'प्राचीन काळापासून सांगतात,' एवढंच तिथे लिहिलेलं असायचं. प्राचीन काळ हा काही पत्ता नव्हे, असं तो एकदा बैठकीत बोलून गेला होता, आणि त्यांच्या विभागाच्या बाईंनी ते वाक्य टाईप करून कपाटावर चिकटवलं होतं. कार्यालयात त्याला सगळे 'पुरावे' म्हणायचे. पुरावे आले का, पुरावेंचा डबा झाला का. तोही त्या हाकेला ओ द्यायचा. आज समोर उघडलेल्या पानाची पार्श्वभूमी गडद निळी होती, माऊस हलवला की मागे चांदण्या सांडत होत्या, कडेला केस वाढवण्याच्या तेलाची जाहिरात लुकलुकत होती आणि वर इंग्रजीत लिहिलं होतं, 'हजारो वर्षांच्या सागरकथा'. सांगणाऱ्याचं नाव नाही, साल नाही, गाव नाही. एक गुण त्याने शुद्धलेखनाला दिला आणि एक तळाशी ईमेलचा पत्ता होता म्हणून. मग चहा यायला वेळ होता म्हणून त्याने सहज एका गोष्टीवर टिचकी मारली.

एक हमाल होता, असं ती गोष्ट म्हणत होती. सगळ्या किनाऱ्यावरची ओझी तो उचलायचा आणि कधी कुणाला नाही म्हणायचा नाही. एक दिवस समुद्र त्याला म्हणाला, जगाच्या सुरुवातीपासून मी माझं वजन स्वतःच पेलतोय, मला घटकाभर टेकायचंय, तू खालून जरा खांदा देशील का. हमाल म्हणाला, देतो. दुसऱ्याच्या घरात चपला घालून जाऊ नये म्हणून त्याने त्या काठावर काढून ठेवल्या, आत उतरला आणि समुद्राखाली खांदा दिला. समुद्राला इतकं हलकं वाटलं की त्याला झोप लागली. तो अजून पुरता जागा झालेला नाही, आणि हमाल अजून खालीच आहे. पुढची ओळ तिरप्या अक्षरांत होती. 'सांगणाऱ्याने इथे थांबावे. ऐकणाऱ्या मुलाने "आणि त्याच्या चपला?" असे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.' आणि त्याखाली: समुद्राला झोपेतही त्या चपलांची काळजी आहे. म्हणून दिवसातून दोनदा तो काठावर येतो, चपला जागेवर आहेत ना बघतो, आणि परत जाऊन हमालाला सांगतो, आहेत. भरती-ओहोटी होते ती अशी. चपला ओळखायची खूण म्हणजे त्यातल्या उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला असून तो तांब्याच्या तारेने बांधलेला आहे.

चहा आला, निवला, त्यावर साय धरली. तो हात मांडीवर ठेवून बसला होता. टेबल तेच होतं, खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं, आणि त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारी, बुटाच्या आत, एक्कावन्न वर्षांपूर्वीची तार टोचत होती. ती तार त्याची होती. पाच वर्षांचा असताना गोदीच्या फाटकाजवळ त्याच्या चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा बाबांनी क्रेनच्या मोटारीतून उरलेल्या तारेचा तुकडा पिळून तो बांधून दिला होता, आणि त्याच दुपारी ती चप्पल तो धक्क्याच्या पायऱ्यांवर विसरून घरी आला होता. आई रागावेल म्हणून तो बाबांच्या मांडीत तोंड खुपसून पडला होता. बाबांनी त्याला उगी करायला ही गोष्ट सांगायला घेतली. बाबा क्रेन चालवायचे. उचलणं, पेलणं, अलगद टेकवणं याखेरीज त्यांच्या गोष्टीत फारसं काही नसायचं. हमाल खाली उतरला, समुद्र झोपला, आणि बाबा म्हणाले, झालं. पण त्याचं डोकं सगळं चपलेत अडकलेलं, म्हणून त्याने विचारलं होतं, आणि त्याच्या चपला? त्याच्या केसांत फिरणारा त्यांचा हात थांबला होता, तेवढं त्याला अजून डोक्याच्या कातडीवर आठवत होतं. मग त्यांनी सावकाश, एकेक शब्द पारखून घेतल्यासारखी, भरती-ओहोटी सांगितली होती. दुसऱ्या दिवशी ते त्याला पायऱ्यांवर घेऊन गेले. चप्पल तिथेच होती, ओली, वाळूने भरलेली. बाबा म्हणाले होते, बघ, येऊन बघून गेलाय.

त्याला उठून कुणाला तरी हे सांगावंसं वाटलं, पण सांगायचं काय? त्याने सवयीने कागद घेतला आणि शक्यता लिहायला सुरुवात केली. बाबांनीही ही गोष्ट कुठून तरी ऐकली असेल, कुणा म्हाताऱ्याकडून म्हणायचे ते. खलाशी येतात जातात, गोष्टी त्यांच्याबरोबर येतात. मग चपलांचा प्रश्न आधीपासूनच त्या गोष्टीत असेल, आणि बाबा 'झालं' म्हणाले ते आपण विचारावं म्हणूनच. हजार वर्षं एकेका मुलाने जो प्रश्न विचारला तो त्या दिवशी आपण विचारला, एवढंच. पण तार? हजार वर्षांपूर्वी तांबं होतं, तार होती, तुटके अंगठेही असतील. नुसत्या तारेने काही सिद्ध होत नाही, असं त्याने लिहिलं, आणि पेन खाली ठेवलं. कारण दोन्हीकडून बघितलं तरी अंगावर काटाच येत होता. एक तर त्याचे वडील एका फार लांबच्या, फार जुन्या साखळीतली कडी होते, किंवा ते स्वतःच साखळीची सुरुवात होते, आणि या चांदण्यांच्या पानावर हजारो वर्षांची म्हणून जी गोष्ट छापली होती, तिच्या पोटात पाच वर्षांचा तो स्वतः रडत बसला होता.

आणि मग, या सगळ्याच्या खालून, तेरा वर्षांचा तो वर आला. याला तो सहसा वर येऊ देत नसे. शाळेत सरांनी सांगितलं होतं, घरी ऐकलेली एक जुनी लोककथा सांगा, आणि त्याने उभं राहून ही सांगितली. सर म्हणाले, छान आहे, पण कुठल्या पुस्तकात आहे? तो म्हणाला, बाबांनी सांगितली, त्यांना एका म्हाताऱ्याने. कुठल्या म्हाताऱ्याने? वर्ग हसला. सरांनी तीन जाड पुस्तकं आणून त्याच्यासमोर चाळली, एकातही नव्हती, आणि सर प्रेमानेच म्हणाले की वडील तुझी गंमत करत असतील. त्या संध्याकाळी घरी बाबांचे दोघे-तिघे सोबती चहाला आले होते. बाबा त्यांना काहीतरी रंगवून सांगत होते. तो दारात दप्तर घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा थापा मारतात. कुठल्या पुस्तकात नाहीये ती गोष्ट. मी शोधली." बाबांनी कप बशीत ठेवला, हसले, म्हणाले, "मुलगा शिकतोय." त्यानंतर बाबांनी गोष्ट सांगितलेली त्याला आठवत नव्हती. त्याला नाही, ताईला नाही, पुढे नातवंडांनाही नाही. त्याचं अख्खं आयुष्य, हा तक्ता, हे सात प्रश्न, हे टोपणनाव, सरांनी पुस्तकं चाळली त्या आवाजातून निघालं होतं, हे त्याला आज पहिल्यांदाच एवढं स्वच्छ दिसलं. सरांचेच प्रश्न तो एकवीस वर्षं जगाला विचारत होता.

त्याने त्या तळाच्या पत्त्यावर चार ओळी लिहिल्या, गोष्ट कुठून मिळाली एवढंच विचारलं, आणि बाईंकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "पुरावे, तुम्हाला बरं नाहीये का?"

"बरं आहे. वडिलांना एक विचारायचंय."

"फोन करा की."

"फोनवर विचारण्यासारखं नाही," तो म्हणाला, आणि बाईंनी पुढे काही न विचारता रजेवर सही केली.

बाबा ताईकडे राहायचे, तिसऱ्या मजल्यावर. आता त्र्याऐंशी वर्षांचे. दार ताईने उघडलं आणि त्याचं तोंड बघून आधी म्हणाली, "कोण गेलं?" कुणी नाही म्हटल्यावर तिला हायसं वाटलं आणि लगेच राग आला. "मग भरदुपारी असा चेहरा करून कशाला येतोस? ये. ते गॅलरीत आहेत. सकाळपासून दोरीची गाठ सोडवतायत. कापून टाका म्हटलं तर ऐकत नाहीत." बाबा खरोखर मांडीवर नायलॉनच्या दोरीचा गुंता घेऊन बसले होते. बोटं वाकडी झाली होती, पण गुंत्यात शिरताना ती अजूनही घाई करत नव्हती. वीस मीटर उंचीवरच्या क्रेनच्या खोक्यातून खाली काचेच्या पेट्या टेकवणाऱ्या माणसाची बोटं. तो शेजारी स्टुलावर बसला. कसं काढावं हे त्याला कळेना. शेवटी त्याने कागदावर छापून आणलेलं पान पुढे केलं, मग लक्षात आलं की त्यांना एवढं बारीक दिसत नाही, म्हणून ते मराठीत सांगत वाचून दाखवलं. हमाल, समुद्र, खांदा. बाबांचे हात दोरीवर स्थिर होते. तिरप्या अक्षरांच्या ओळीशी तो थांबला. मग त्याने ती ओळ आणि पुढचं सगळं वाचलं, तारेपर्यंत. ताई दारात ओले हात पदराला पुसत उभी होती ती तशीच राहिली.

"हे कुठे सापडलं?" बाबांनी विचारलं.

"इंटरनेटवर. कुठली ते लिहिलेलं नाही. हजारो वर्षांची म्हणतात."

बाबा हसले नाहीत. त्यांनी मान वळवून गॅलरीबाहेर बघितलं. तिथून समुद्र दिसत नव्हता, पाण्याच्या टाक्या दिसत होत्या.

"बाबा, गोष्ट कुणाची आहे?"

"अर्धी ऐकलेली," ते म्हणाले. "क्रेनच्या चाकांना ग्रीस लावायला एक म्हातारा होता. मी नोकरीला लागलो तेव्हाच तो सत्तरीचा असेल. दुपारी क्रेनच्या सावलीत बसून सांगायचा. समुद्राला टेकायचं होतं आणि हमालाने खांदा दिला. एवढीच. तिथे संपवायचा आणि झोपायचा. त्याला कुणी सांगितली ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही."

"आणि चपला?"

"चपला तुझ्या," बाबा म्हणाले. "म्हाताऱ्याचा हमाल अनवाणी होता. मीच त्याला चपला घातल्या त्या दिवशी, तुझ्या होत्या म्हणून. तू विचारलंस तेव्हा मला काही सुचेना. मग म्हटलं, समुद्र येतो जातो तो उगाच का येईल."

ताई म्हणाली, "मला कधी सांगितली नाहीत ही." तिच्या बोलण्यात तक्रार होती, पण आवाज लहान मुलीचा आला होता. बाबा म्हणाले, तू जागी कुठे राहायचीस. मग त्यांनी आठवून आठवून सांगितलं ते असं. त्याच्या चपलेनंतर वर्षभराने एक परदेशी जहाज यंत्र बिघडल्यामुळे चाळीस दिवस धक्क्याला अडकलं होतं. खलाशांना उतरायची परवानगी नव्हती, फक्त धक्क्यावर बसता यायचं. दुपारच्या सुट्टीत बाबा खाली यायचे. भाषा कुणाला कुणाची येत नव्हती. जहाजावरचा आचारी, दंडावर मासा गोंदवलेला, तेवढा खुणा चांगल्या करायचा. बाबांनी त्याला ही गोष्ट हातांनी सांगितली होती. ओझं दाखवायला त्यांनी धक्क्यावरची खरी पोती उचलली होती, समुद्र दाखवायला समुद्रच होता, आणि चपला दाखवायला, बाबा म्हणाले, तुझीच चप्पल होती. तिची जोडी फाटली तेव्हा तारेची ती एक मी क्रेनच्या खोक्यात ठेवली होती, शकुनाची म्हणून. "त्याने ती हातात घेऊन बघितली. तार बोटाने चाचपली. रडला तो. त्याला कुणाची आठवण आली कुणास ठाऊक."

त्याला तेरा वर्षांच्या मुलाबद्दल बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, येतानाच्या बसमध्ये त्याने ते तीनदा जुळवलं होतं. "बाबा, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर," एवढं तो म्हणाला, आणि बाबांनी दोरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. "हे धर. ताणू नकोस. नुसतं धर." तो धरून बसला. थोड्या वेळाने बाबा खालमानेने म्हणाले, "तू म्हणालास त्यात खोटं काही नव्हतं. पुस्तकात नव्हतीच ती."

उत्तर शनिवारी आलं. लिहिणारी दूरच्या एका बेटावरची निवृत्त शिक्षिका होती. गोष्ट तिच्या आत्याची, तीस वर्षांपूर्वी टेपवर घेतलेली. आत्याने ती नवऱ्याकडून ऐकली, नवरा जहाजावर आचारी होता, त्याच्या दंडावर मासा होता. आत्या त्या बेटावरच्या शाळेत जाऊन दरवर्षी ही गोष्ट सांगायची. आता आत्या नाही, पण बेटावरच्या तीन पिढ्यांना भरती का येते ते विचारलं तर ते हेच सांगतात. हजारो वर्षं असं आपण का लिहिलं, तर तिथे सगळे तसंच म्हणतात म्हणून. आचाऱ्याचं वगैरे का लिहिलं नाही, तर आजवर कुणी विचारलं नाही. टेपचा आवाज सोबत जोडला होता आणि शब्दांचा इंग्रजी अर्थ वेगळा लिहून दिला होता. त्याने ते पत्र उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. त्याच्या तक्त्यातल्या सातही प्रश्नांची उत्तरं त्यात होती. अशा पत्राची त्याने एकवीस वर्षं वाट बघितली होती, आणि ते आलं तेव्हा त्याला गुण द्यायचे आठवलेसुद्धा नाहीत. तीन पिढ्या. म्हणजे या क्षणी कुठेतरी, त्याने कधी न बघितलेल्या काठावर, पाणी वर चढत असताना एखादं मूल घरच्यांचा हात धरून खात्रीने सांगत असेल की तो चपला बघायला आलाय. जग एवढं मोठं आहे हे त्याला माहीत होतं. ते इतक्या लहान भोकातून ओवलं जातं हे माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी त्याने फोन गॅलरीच्या कठड्यावर ठेवला आणि टेप लावली. ताईने आतला पंखा बंद केला. आधी नुसती खरखर, कोंबड्याचं आरवणं, मुलांची चुळबुळ. मग एका बाईचा आवाज, जाड, थोडा बसलेला. भाषेतला एक शब्द कुणाला कळत नव्हता. बाबा डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी उजवा खांदा किंचित खाली केला, ओझं घेताना करतात तसा, आणि त्याने कागदावर बघितलं तर तिथे हमाल खाली उतरत होता. कुठल्या ठिकाणी काय चाललंय हे बाबांना चालीवरून कळत होतं. समुद्र झोपला तेव्हा ते हसले. मग आवाज थांबला. नुसती खरखर. ताईने टेप बंद पडली की काय म्हणून हात पुढे केला, बाबांनी डोळे न उघडता तो अडवला. खरखर चालूच राहिली, आणि मग लांबून, वर्गाच्या मागच्या बाजूने असेल, एका मुलाचा बारीक आवाज आला, तीनच शब्द, शेवटी वर चढणारे.

"किती वेळ थांबली ती?" बाबांनी विचारलं.

"अकरा सेकंद," तो म्हणाला. त्याने मोजले होते.

"मी एवढा थांबत नव्हतो," बाबा म्हणाले. "भीती वाटायची. कुणी विचारलंच नाही तर."

टेप पुढे गेली. भरती झाली, तार झाली, आणि त्याच्या हिशोबाने गोष्ट संपली. पण बाईचा आवाज संपला नाही. तो खाली आला, मऊ झाला, आणि मुलांची चुळबुळ एकदम थांबली. बाबांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर वाट चुकल्यासारखं झालं. "हे काय सांगतेय?" त्याने कागद डोळ्यांजवळ नेला आणि तिच्या मागोमाग, हळू, वाचायला लागला. "ती म्हणते, हमालाला घरी एक बायको आहे. तिला माहीत आहे तो कुठे आहे. ती रोज संध्याकाळी काठावर येते, त्या चपलांमधली वाळू झटकते आणि त्या उलट्या वळवून ठेवते, टाचा पाण्याकडे. म्हणजे तो बाहेर येईल तेव्हा त्याला वळावं लागणार नाही. पाय घातले की तोंड सरळ घराकडे."

बाबा पुढे वाकले होते. वाकडी बोटं कठड्यावर, फोनच्या अगदी जवळ, पण त्याला न लावता. त्यांचे ओठ जरासे उघडे होते, आणि पाणावलेल्या डोळ्यांत जी नवलाई होती ती त्याने आजवर फक्त गोष्ट ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाहिली होती, सांगणाऱ्याच्या कधी नाही.

"हे माझं नाही," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचंही नाही." मग जरा वेळाने, "पुन्हा लाव."